एका बिल्ल्यावर दोघी

मित्रांनो, मला तळहातावर घेतलंत तर तुम्ही दोन क्षण बघाल आणि खाली ठेवून द्याल. रुपयापेक्षा जरा मोठा पितळेचा गोल तुकडा, वर दोरीसाठी भोक आणि मधोमध ठोकलेला सत्तावीसचा आकडा, एवढंच माझं रूप. तेल गिरणीतल्या एका कामगाराचा हजेरीचा बिल्ला म्हणून मी सतरा वर्षं काढली. आता मी फार दमलो आहे. पितळ कधी दमतं का, असं तुम्ही विचाराल. रोज सकाळी खिळ्याला लटकायचं, संध्याकाळी पदराच्या गाठीत घुसायचं, आणि शेवटची अकरा वर्षं दोन बायांचं गुपित पोटात ठेवायचं, असं सतरा वर्षं करून बघा, मग सांगा.

माझा जन्म सोलापुरातल्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. एकाच पितळी पत्र्यातून आम्ही साठ भावंडं कापली गेलो. कारागीर एकेक आकडा ठोकत गेला. माझा सात ठोकताना त्याला शिंक आली आणि हातोडी घसरली, म्हणून माझा सात आजही जरा कलंडलेला आहे. त्याला काय, त्याला साठ बिल्ल्यांचे पैसे मिळाले.

आम्हाला पिशवीत भरून येडशीच्या अलीकडं माळावर आणलं गेलं. तिथं आसपासच्या गावांनी भागभांडवल गोळा करून नवी सहकारी तेल गिरणी उभारली होती. साल होतं सदुसष्ट. घाण्यांवर, इंजिनावर आणि पोत्यांवर पुरुष होते. करडई आणि भुईमूग चाळायला, खडे-माती निवडायला बाया होत्या. त्यातल्या कडूबाईला मी मिळालो. तेव्हा ती विशीतली होती, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली सून. पहिल्या दिवशी तिनं मला कपाळाला लावलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

गिरणीची रीत सोपी होती. कामावर येणाऱ्यानं हजेरीच्या खिडकीपाशी फळीवरच्या आपल्या खिळ्याला बिल्ला लटकवायचा. भीमाशंकर नावाचा हजेरी कारकून फळीवर नजर फिरवायचा आणि ज्या आकड्याचा बिल्ला दिसेल त्या आकड्यापुढं वहीत खूण करायचा. सुरुवातीला तो नाव पुकारायचा. त्यात पंधरा मिनिटं जातात म्हणून मॅनेजरसाहेबांनी त्याला सुनावलं, की तोंडं बघत बसू नको, बिल्ला बघ. तेव्हापासून भीमाशंकर बिल्ला बघू लागला. हा हुकूम ध्यानात ठेवा मित्रांनो, पुढं त्याचं काम पडणार आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माळ करपला, विहिरींचे तळ दिसले, गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. गिरणीत रेल्वेनं बाहेरून येणाऱ्या शेंगांवर कशीबशी एक पाळी चालायची. त्यातच कडूबाईच्या सासूला अर्धांगवायूचा झटका आला. नवरा मच्छिंद्र खडीवर, पोरं लहान, म्हातारीला पाणी पाजायलाही घरात माणूस नाही. कडूबाई मॅनेजरकडं गेली आणि एक दिवसाआड यायची परवानगी मागितली. तो म्हणाला, येत असशील तर रोज ये, नाहीतर बिल्ला ठेव आणि घरी जा. मला काढून टेबलावर ठेवायची तिची छाती झाली नाही. पगार गेला असता तर घरात चूल पेटली नसती.

गिरणीच्या वाटेवर एक मोठी चिंच होती. खडीवरच्या बाया दुपारी तिच्या सावलीला बसायच्या. त्यांत बौद्धवाड्यातली जगदेवी होती. अंगावर पिणारं पोर, हाताला फोड, आणि गिरणीत तीनदा काम मागून तीनदा हाकललेली. नवी माणसं घ्यायची नाहीत, असं तिला तिन्ही वेळा सांगितलं होतं. कडूबाई एक दिवस तिच्याशेजारी टेकली आणि आपलं रडगाणं सांगत बसली. बोलता बोलता तिनंच पदराची गाठ सोडली आणि मला जगदेवीच्या हातात दिलं. उद्या तू जा, परवा मी जाईन, पगार निम्मा निम्मा. कागद नाही, साक्षीदार नाही. साक्षीला मी होतो आणि चिंच होती.

दुसऱ्या दिवशी जगदेवीनं मला खिळ्याला लटकवलं आणि ती तडक चाळणीकडं गेली. भीमाशंकरनं फळी बघितली, खूण केली आणि पुढं गेला.

अशी माझी दोन घरं झाली. कडूबाईच्या सासूला बौद्धवाड्यातली बाई उंबऱ्याच्या आत चालायची नाही, म्हणून मला द्यायचं-घ्यायचं ते चिंचेखालीच. पहिल्या वर्षी जगदेवी कडूबाईला 'तुमी' म्हणायची. दुष्काळ सरता सरता ती 'आक्का' म्हणू लागली आणि 'तू'वर आली. जगदेवीला एक खोड होती. दर शनिवारी ती मला चिंच आणि राख लावून घासायची, आणि आपल्या दिवशी सकाळीही राखेनं पुसून आणायची. कडूबाईनं कधी मला धुतलंसुद्धा नाही. त्यामुळं जगदेवीच्या दिवशी मी लख्ख असायचो आणि कडूबाईच्या दिवशी मळलेला. मला वाटतं, भीमाशंकरला तोंड न बघताही कुणाचा दिवस आहे ते कळत असावं. पण त्यानं कधी ब्र काढला नाही. चाळणीवरच्या बायांनाही सारं ठाऊक होतं. त्याही गप्प राहिल्या.

पाऊसपाणी सुधारलं तरी ही रीत मोडली नाही. म्हातारी अंथरुणावरच होती आणि गिरणीत नवं नाव लागत नव्हतं. दोन-तीनदा जगदेवीनं विचारून बघितलं, "आक्का, माझं नाव लावून घ्यायचं बघावं का गं वहीत?" कडूबाई म्हणायची, पुढच्या साली बघू, आत्ता बोललो तर दोघींचंही जाईल. तीही खोटं बोलत नव्हती. पण पुढचं साल पुढंच सरकत राहिलं आणि अकरा वर्षं गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती विचाराल तर हीच. चूक त्या दोघींची म्हणा, नाहीतर माझी. माझ्या अंगावर आकडा होता, नाव नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली पुन्हा पावसानं ओढ दिली. करडई कमी आली, आणि नेमकी त्याच वर्षी गिरणीत विजेवर चालणारी चाळणी आली. मी तिला दोष देत नाही. ती बिचारी दिवसभर गदगदा हलायची, तिला कुणी विचारलं होतं? पण बारा बाया जे काम करायच्या ते ती एकटी करू लागली. महिनाभरात बायांची कुजबुज सुरू झाली.

एका शनिवारी निरोप आला, की सोमवारी गिरणीत सगळ्या बायांची बोळवण आहे. लेक सासरी जाताना तिला लुगडं-चोळी देऊन ओटी भरून पाठवतात ना, तशी. संचालक मंडळानं ठरवलं होतं म्हणे, की इतकी वर्षं राबलेल्या लेकीबाळींना मानानं पाठवायचं. सोमवार खरं तर जगदेवीचा होता. पण नाव कडूबाईचं पुकारणार म्हणून कडूबाई मला घेऊन आत गेली, आणि जगदेवी फाटकाच्या गजांबाहेर उभी राहिली.

आत मांडव होता. नारळ होते, हिरव्या लुगड्यांची चळत होती, हळदीकुंकवाची तबकं होती. मॅनेजरसाहेब हात जोडून गोड बोलत होते. एकेकीचं नाव पुकारायचं, ओटीत नारळ पडायचा, हातावर लुगडं पडायचं, आणि मग टेबलावरच्या कागदावर अंगठा. कसला अंगठा म्हणून कुणी विचारलं तर कारकून म्हणायचा, लुगडं पोचल्याचा. भरल्या ओटीनं कोण वाद घालणार? आपल्याकडं बाई ओटी नाकारत नाही. सात जणींनी अंगठे दिले. डोळे पुसत दिले.

आठवी कडूबाई. तिनं ओटी घेतली, लुगडं घेतलं, शाईत अंगठा बुडवला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, कागद उचलून ती सरळ फाटकाकडं चालू लागली. कारकून मागून हाका मारत राहिला. कडूबाईला अक्षर येत नव्हतं. जगदेवी चौथी शिकलेली होती.

"जगे, ह्ये वाच गं. आंगठा लुगड्याचा हाय म्हणत्यात."

जगदेवीनं गजांतून हात घालून कागद धरला. ओळीखालून बोट फिरवत तिनं तो दोनदा वाचला.

"आक्का," ती म्हणाली, "ह्यात लुगडं कुठंच न्हाय."

"मग काय हाय?"

"तू आपल्या खुशीनं काम सोडलंस, आन् गिरणीकडं तुझं कायबी येणं न्हाय. आसं लिवलंय."

कडूबाईनं शाईचा अंगठा आपल्याच पदराला पुसला. मी त्याच पदराच्या गाठीत होतो. ती शाई अजून माझ्या भोकाच्या कडेला आहे, जगदेवीच्या चिंचेनंही ती निघाली नाही. कडूबाई परत गेली, लुगडं आणि नारळ टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाली, की मी सोडलेलं नाही, तुम्ही काढताय, तर तसं लिहा. तिच्या मागच्या चौघींनीही ओटी सोडली. मॅनेजरसाहेबांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

त्या सगळ्यांना घेऊन इंजिनावरचा धोंडप्पा चिंचेखाली बसला. तो धाराशिवला कामगार कचेरीत जाऊन सारं नीट विचारून आला होता. त्यानं जे सांगितलं ते मी शब्द न शब्द ऐकलं, कारण कडूबाई मला मुठीत आवळून बसली होती. कामगाराला कमी करायचं तर महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या महिन्याचा पगार हातात द्यावा लागतो. वर नोकरीच्या प्रत्येक भरलेल्या वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. पाच वर्षांच्या वर काम झालेलं असेल तर ग्रॅच्युइटी वेगळी. आणि त्याच कामाला पुन्हा माणसं घ्यायची झाली, तर आधी जुन्यांना बोलवायचं.

"ही कुणाची बक्षिशी न्हाय," धोंडप्पा म्हणाला, "ह्यो तुमचा हक्क हाय. पर राजीनाम्यावर आंगठा दिला, की त्यातलं लई बुडतंय. आन् अजून एक. वर्साला दोनशे चाळीस दिस भरल्याले पायजेत, तरच त्ये वर्स धरत्यात."

बाकीच्या उठून गेल्या. त्या दोघी तिथंच बसून राहिल्या. माझ्या आकड्यावर वर्षाला दोनशे नव्वदच्या आसपास दिवस भरलेले होते. पण ते दोघींचे होते. खरं सांगितलं तर प्रत्येकीचे निम्मेच, म्हणजे त्या अकरा वर्षांतलं एकही वर्ष एकीचंही धरलं जाणार नाही. गप्प राहिलं तर सगळं कडूबाईचं, आणि जगदेवी गिरणीत कधी नव्हतीच. कडूबाईलाही हे उमगलं होतं. ती म्हणाली, "जे यील त्यातलं अर्धं तुझं."

"पैशाचं इचारलं न्हाय म्या," जगदेवी म्हणाली.

कडूबाईनं मला परत पदराच्या गाठीत बांधलं.

पाच जणींचा कामगार कचेरीत अर्ज गेला. पण फाटकाशी त्या दिवशी दोघींना सगळ्यांनी बघितलं होतं, आणि कुणीतरी जाऊन मॅनेजरसाहेबांना सत्तावीस नंबरची गोष्ट सांगितली. कोणी, ते मला ठाऊक आहे, पण मी नाव घेणार नाही. तिची सोळा वर्षं एका लुगड्यावर गेली होती. तिचंही आत जळत होतं.

धाराशिवच्या कचेरीत तारीख लागली. कडूबाई एस.टी.नं गेली. मी गाठीत. कचेरीच्या पायऱ्यांवर ती बसली असताना गिरणीची जीप आली, आणि तिच्यातून जगदेवी उतरली. कडूबाईच्या हाताची मूठ माझ्यावर अशी आवळली, की माझा कलंडलेला सात तिच्या तळव्यावर उमटला. जगदेवीनं तिच्याकडं बघितलं नाही.

जीपमध्ये काय बोलणं झालं ते पुढं जगदेवीनंच सांगितलं. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, तू फक्त खरं सांग, की अकरा वर्षं सत्तावीस नंबरवर मीही काम केलं. कामगार अधिकाऱ्यांच्या कागदावर तुझं नाव येईल. आणि गिरणीच्या कचेरीत पाणी भरायला तुला कायमची लावून घेतो, तुझ्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या बिल्ल्यावर. विचार करा मित्रांनो. तिला खोटं बोलायला कुणी सांगतच नव्हतं. जे तिनं अकरा वर्षं मागितलं तेच तिच्यापुढं ठेवलं होतं.

कामगार अधिकारी चष्मा लावलेले, थकलेले गृहस्थ होते. समोर कागदांचे गठ्ठे. त्यांनी मला टेबलावर ठेवायला सांगितलं. आधी भीमाशंकरला बोलावलं. त्याचीही नोकरी टांगणीला लागलेली होती. वहीत कुणाचं नाव आहे विचारल्यावर तो म्हणाला, कडूबाईचं. रोज तीच बाई येत होती का, असं विचारल्यावर त्यानं एकदा मॅनेजरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"साहेब, तोंडं बघू नको, बिल्ला बघ, आसा मला मॅनेजरसायबांचा हुकूम हाय. सतरा वर्सं म्या बिल्लाच बघितला. बिल्ला रोज आलाय."

अधिकाऱ्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं वाटलं, पण ते लगेच गेलं. मग त्यांनी जगदेवीला पुढं बोलावलं.

"बाई, या गिरणीत तुम्ही कधी काम केलंय?"

जगदेवी टेबलापाशी उभी राहिली. मी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. आदल्या शनिवारी मला कुणी घासलं नव्हतं, मी काळवंडलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचा अंगठा आपसूक पुढं आला आणि मागं गेला, जसा माझ्यावरची राख पुसताना यायचा. बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "म्या त्या गिरणीत एक दिस बी काम केल्यालं न्हाय."

मग या बाईला कसं ओळखता, असं विचारल्यावर ती म्हणाली, चिंचेखालची ओळख आहे. आणि मागं जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मॅनेजरसाहेब काही बोलू लागले, तेव्हा अधिकाऱ्यांनी हात वर केला. हजेरीची वही तुमची, हुकूम तुमचा, वही जे म्हणते तेच मी धरणार, असं ते म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

मित्रांनो, पितळेला आसवं असती तर मी रडलो असतो. अकरा वर्षांची करडई, अकरा वर्षांचे खडे, चाळणीचा धुरळा खाऊन लागलेला खोकला, सगळं तिनं एका वाक्यात पुसून टाकलं. चिंच आणि राख लावून तिनं मला इतकी वर्षं उजळलं, आणि स्वतःला असं पुसलं.

पैसे यायला आणखी आठ महिने लागले. दोन तारखा झाल्या, चार खेपा झाल्या. ज्या पाच जणींनी अंगठा दिला नव्हता त्यांना हक्काचं मिळालं. सात जणींना लुगडं. ती लुगडी पहिल्या धुण्यातच विटली, हे सांगायला नको होतं, पण सांगितलं.

शेवटचा हिशोब करताना कारकुनानं कडूबाईकडं बिल्ला मागितला. तो गिरणीला परत करायचा असतो. मी तिच्या गाठीत होतो. ती म्हणाली, हरवला. कारकुनानं हरवल्याचे पाच रुपये कापून घेतले. एवढीच माझी किंमत.

त्या दिवशी चिंचेखाली कडूबाईनं नोटांचे दोन भाग केले. जगदेवीनं आपला भाग कमरेला खोचला आणि त्यातून अडीच रुपये काढून पुढं धरले. कडूबाईनं विचारलं, हे कसले?

"बिल्ल्याचे. पाचातले माझे. आक्का, कामाचा दाखला तुझ्या नावानं हाय, त्यो तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. बिल्ला मला दे."

कडूबाईनं मला तिच्या हातावर ठेवलं, अडीच रुपये काही घेतले नाहीत, आणि खाली बसून पदरात तोंड घालून रडली. पुढच्या साली बघू म्हणत ती अकरा वर्षं जे टाळत आली होती, ते तिला तेव्हा एकदम दिसलं असावं. जगदेवी रडली नाही. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

आता मी जगदेवीच्या घरात खुंटीला असतो. गिरणी पुढं बंदच पडली, पत्रेही विकले गेले. माझी बाकीची भावंडं मोडीत गेली असतील. म्हणून सांगतो मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कुठंतरी कामाला लागाल. पहिल्याच दिवशी वही मागा आणि तुमचं नाव तुमच्या डोळ्यांनी बघा. कागदावर काय लिहिलंय ते कळेपर्यंत अंगठा शाईला लावू नका, मग तो कागद ओटीबरोबर का येईना. आणि नाव लावायचं पुढच्या सालावर टाकू नका.

आणखी एक विनंती आहे. जगदेवीनं घरी आल्यावर दाभणाच्या टोकानं माझ्या पाठीवर आपलं नाव कोरलं. जागा पुरली नाही. 'जगदे' वर बसलं आणि 'वी' खाली घसरली. अक्षरं वाकडी आहेत, उथळ आहेत. शनिवारी ती मला अजून घासते, पण आता एकाच बाजूनं. उद्या तिच्यानंतर मी तुमच्या हातात आलो, तर आकडा हवा तेवढा घासा. पाठीकडून मात्र हळू हात फिरवा, नाव तेवढंच आहे.